मुका माज

तमाम वाचकांस, विशेषतः ज्यांचा जन्म सस्तन प्राण्याच्या पोटी झाला आहे अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वारजे येथील आमच्या राहत्या घरात एके काळी दोन आया एकाच वेळी पाजत होत्या, एक स्वयंपाकघरात आणि एक गोठ्यात, आणि दोघींचेही दूध तोडण्याचा ठराव वडीलधाऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या सभांत एकमताने मंजूर झाला होता. स्वयंपाकघरातली माझी ताई. गोठ्यातली सगुणा नावाची म्हैस. ठराव मांडणाऱ्यांत ताईच्या सासूबाई, माझी आई आणि आमचे आबा, म्हणजे वडील, होते. दोन्ही आयांचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि दोन्ही लेकरांनी सभात्याग करून पुन्हा आपापल्या जागी तोंड घातलं होतं. हा विषय क्षुल्लक आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी आपण लहानपणी काय पीत होतो ते आठवावं आणि गप्प बसावं.

हे प्रकरण लिहायला ताईनं परवानगी दिली, पण फुकट नाही. ती म्हणाली, "लिही हवं ते. तू काय, तिखटमीठ लावल्याशिवाय राहणार नाहीस. पण शेवटी मी जे बोलले ना, तेच आणि तेवढंच लिहायचं. त्याच्यापुढं तुझं एक अक्षर नको." मी कबूल केलं. तिच्यासमोर नाही म्हणायची माझी आजही टाप नाही, आणि आता तर तिच्या हातात काठी असते.

आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या आणि चौथी खोली सगुणाची. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट गोठ्यात उघडायचं, त्यामुळे आमच्याकडे जेवताना कुणाचा रवंथ चालू आहे हे आवाजावरून ठरवता यायचं नाही. मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीवर पहिली धार पडते तेव्हा ती खणखणीत वाजते, मग दूध साठत जातं तसा आवाज बसत बसत जातो आणि शेवटी नुसतं फुसफुस फेसात विरतं. अंथरुणात पडल्यापडल्या मी त्या आवाजावरून आज किती दूध निघालं ते सांगायची. आईची भाकरी तव्यावर पडायची, चुलीत शेणीचा धूर व्हायचा, चहाला सगुणाचं पहिलं दूध असायचं आणि त्या चहावर इतकी जाड साय यायची की आबा ती बोटानं उचलून माझ्या तोंडात घालायचे. आज त्या जागी एका सोसायटीचं पार्किंग आहे. सगुणाच्या गव्हाणीच्या जागी कुणाची तरी पांढरी गाडी उभी असते आणि तिच्या काचेवर चिठ्ठी असते : 'येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा काढण्यात येईल. तक्रार हवेकडे करावी.' मी तिथून जाताना अजूनही नाकानं कडबा शोधते.

सगुणा व्याली तेव्हा पारडी झाली, म्हणजे मुलगी. आबांनी गल्लीत पेढे वाटले. खरवसाची पातेली घरोघर गेली. त्याच वर्षी हडपसरला ताई बाळंत झाली आणि तिलाही मुलगी झाली, तर तिच्या सासूबाईंनी आमच्याकडे बर्फी पाठवली, तीही अशी की डब्याचा तळ दिसत होता. गोठ्यातल्या आणि घरातल्या मुलींचे भाव वेगळे असतात हे मला तेव्हा समजलं. पण ते राहू दे. ताईचं ते बाळंतपण साधं नव्हतं. रक्त थांबेना. आई दवाखान्याच्या जिन्यात बसून होती आणि आबा, जे कधी कुठल्या देवळात जात नसत, ते दवाखान्याच्या फाटकाला हात जोडून उभे होते. ताई वाचली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, बोट दाखवून सांगितलं, "तीन वर्षं पुढचा विचारही करायचा नाही. पुन्हा असं झालं तर मला काही करता येणार नाही." दाजींनी मान डोलावली. दाजी फार चांगला माणूस. त्यांचा एकच दोष, त्यांची मान सगळ्यांपुढे डोलायची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या आईपुढे.

सासूबाईंना तीन वर्षं हा आकडाच मान्य नव्हता. "डॉक्टरांचं काय जातंय सांगायला," त्या म्हणायच्या. दवाखान्यातून तांबी बसवून देऊ का असं ताईला विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "आमच्यात तसलं करत नाहीत." राहिला एकच मार्ग, आणि तो ताईला दवाखान्याच्या वॉर्डातच मिळाला होता. तिथल्या एका नर्सनं सगळ्या बाळंतिणींना उद्देशून मोठ्यानं सांगितलं होतं, "पाजत राहा गं बायांनो, पाजताय तोवर दिवस राहत नाहीत." या वाक्याला दुसरा अर्धा भाग असणार. मी आज हाच विषय शिकवते म्हणून खात्रीनं सांगते, असणारच. पण त्या वॉर्डात तेव्हा ओळीनं बाळं रडत होती, आणि तो दुसरा अर्धा भाग ताईपर्यंत पोचला नाही.

म्हणून ताई पाजत राहिली. चिंगी, म्हणजे तिची थोरली, सव्वा वर्षाची झाली, भाकरी कुस्करून खायला लागली, वरणभात खायला लागली, माझ्या वेण्या खायला लागली, तरी दूध सुटेना. बाळंतपणापासून ताईला पाळीही आली नव्हती. सासूबाई काय ते ओळखून होत्या. त्यांनी दाजींबरोबर निरोप पाठवला आणि निरोपाबरोबर ताईलाच पाठवलं : "माहेरी जाऊन पोरीचं दूध तोडून ये. ती अंगावर आहे तोवर पुढचं काही व्हायचं नाही." दाजींनी पिशव्या खाली ठेवल्या, निरोप सांगितला, मान डोलावली, चहा घेतला आणि सहाच्या बसनं परत गेले. पुढे दर रविवारी ते यायचे, रात्रीचा मुक्काम करायचे आणि सोमवारी पहाटे कारखान्याच्या पाळीला निघायचे. हे रविवार लक्षात ठेवा. त्या वेळी ते कुणीच लक्षात ठेवले नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी ताई मला गोठ्याच्या उंबऱ्यावर घेऊन बसली. चिंगी पदराखाली होती, नुसते पाय बाहेर. ताई हळूच म्हणाली, "छबे, कुणाला सांगायचं नाही. मी हिचं दूध तोडणार नाही. तोडल्यासारखं करणार. जोवर ही पिते तोवर मला कुणी काही करू शकत नाही." मी तेरा वर्षांची होते. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण माझी ताई मरता मरता राहिली होती एवढं मला माहीत होतं, आणि पदराखालचे ते दोन पाय तिची राखण करत आहेत एवढं मी समजून घेतलं. तेव्हापासून मी चिंगीकडे आदरानं बघायला लागले. माणूस पोलिसाकडे बघतो तसं.

आता आई. आईचा जीव दोन्हीकडून अडकला होता. लेकीचा चेहरा बघवत नव्हता आणि विहीणबाईंचा निरोप मोडवत नव्हता. तेव्हा तिनं सगळ्या आया करतात तेच केलं, कामाला लागली. कडुनिंबाचा कोवळा पाला आणला, पाट्यावर वाटला आणि त्याचा हिरवा लेप ताईच्या छातीला लावला. चिंगी आली, तोंड घातलं, थांबली. तिचं तोंड असं झालं की जणू तिला पालिकेचं पत्र आलंय. आईनं माझ्याकडे विजयानं पाहिलं. मग चिंगीनं एकदा चाटलं, दोनदा चाटलं, लेप सगळा साफ केला आणि निवांत प्यायला लागली. दुसऱ्या दिवशी कोरफड लावली. चाटली. मग आईनं काजळानं तिथे डोळे, नाक आणि एक भलीमोठी मिशी काढली, पोरगी घाबरेल म्हणून. चिंगीनं त्या मिशीवाल्या बाबाला बघून टाळ्या वाजवल्या, त्याचा पापा घेतला आणि प्यायला लागली. आठवडाभरानं ती स्वतः दारातल्या निंबाच्या झाडाकडे बोट दाखवून मागायला लागली, "कलू! कलू दे!" ताई हसता हसता रडली. आई पदरात तोंड घालून म्हणाली, "काय करावं बाई या पोरीला. जहर दिलं तरी गोड म्हणंल."

तिकडे आबांची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. सगुणा व्यायल्याला कित्येक महिने झाले तरी ती माजावर येईना, म्हणजे फळायला तयार होईना. म्हैस माजावर आली की रेकते, अस्वस्थ होते, तिच्या वागण्यात फरक पडतो. गोठेवाल्याला ते कळावं लागतं, कारण वेळेवर फळली नाही तर ती आटते, भाकड होते, आणि भाकड म्हैस ठेवायची ऐपत आमची नव्हती. बाजारात न्यावी लागली असती. आबांचं म्हणणं, पारडी सारखी लुचते म्हणून सगुणा माजावर येत नाही. तेव्हा पारडी तोडायची. त्यांनी पारडीच्या तोंडाला काटेरी मुसकं बांधलं, प्यायला गेली की आईला टोचावं म्हणून. पण पारडीनं आधी तोंड लावल्याशिवाय सगुणा पान्हाच सोडायची नाही. आबा चरवी घेऊन बसायचे, सडाला तूप लावायचे, तिच्या पाठीवर हात फिरवायचे, "सगुणे, अगं ए माझे आई," म्हणायचे, आणि ती वैरण खात मागचा एक पाय असा उचलायची की चरवी एकीकडे, आबा एकीकडे. कर्वेनगरच्या बंगल्यांत आम्ही रतीब घालायचो. तिथल्या एक बाई भांडं वाकडं करून दुधाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काय हो, आज म्हशीनं दूध दिलं की नुसतं आश्वासन?" आबा घरी येऊन तसंच्या तसं सांगायचे आणि वर म्हणायचे, "माझ्या हातात काय हाय? तिच्या मनात यायला पाहिजे." आमच्या घरात त्या दिवसांत सगळेच जण हे वाक्य बोलत होते. आबा म्हशीबद्दल, आई चिंगीबद्दल, दाजी त्यांच्या आईबद्दल.

मुसकं बांधलं की सगुणा पारडीसाठी रेकायची. तो आवाज जमिनीतून यायचा, आमची ताटं हलायची. आणि सगुणा रेकली की ताईचा झंपर भिजायचा. चिंगी झोपलेली असली, जवळ नसली तरी. ताई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, दोन्ही हात पिठात, छातीवर ओल उमटायची आणि ती गोठ्याकडे बघून म्हणायची, "थांब गं बाई, आले." मग उठायची, जाऊन पारडीचं मुसकं सोडायची. आबा बाहेरून आले की मुसकं दाव्याला टांगलेलं आणि पारडी फेस तोंडाला लावून उभी. आबा विचारायचे, "कुणी सोडली?" ताई म्हणायची, "तिची तिनंच सोडून घेतली." आबा तिच्याकडे बघायचे आणि विडी शोधायला लागायचे.

आता मला जरा खडू हातात घेऊ द्या. मी हडपसरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि हा धडा आला की माझा आवाज आपोआप नाटकातल्यासारखा चढतो. तर मुलांनो, मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा आहे. तिथून पुढे बीजकोशापर्यंत निरोप जातो की अंडं पिकवा. पण हा निरोप नळासारखा वाहत नाही, ठोक्याठोक्यानं सुटतो. ठोका, थोडं थांबणं, पुन्हा ठोका. लय बसली की खालची पिट्युटरी ग्रंथी तिचं काम करते, अंडं पिकतं, सुटतं, माज येतो, पाळी येते, ज्या जातीचं जे असेल ते. बाळ चोखायला लागलं की त्या चोखण्याची खबर मज्जातंतूंवरून थेट वर जाते. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन चढतं आणि ते ठोके विरळ होतात, त्यांची लय मोडते. शरीर जणू म्हणतं, आधी हातातलं सांभाळ, पुढचं पुढे बघू. वर्गात मी इथे टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवते, मग थांबवते, आणि मुलं खरोखर श्वास रोखतात. म्हशीचं तर असं की पारडी प्यायलीच पाहिजे असंही नाही. आपली पारडी शेजारी आहे, तिचा वास येतोय, तेवढ्यानंही तिचे ठोके दबून राहू शकतात. डुकरिणीची पिल्लं तोडली की ती थोड्याच दिवसांत माजावर येते. घोडीला मात्र हे काहीच मान्य नाही, ती व्यायल्यावर लगेच, शिंगरू अंगाला चिकटलेलं असतानाच, पुन्हा तयार. उंदरीण तर त्याहून घाईची. म्हणजे नियम एक आणि तो पाळण्याच्या तऱ्हा शंभर. तेव्हा आमच्या घरात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं, पण गंमत बघा, सासूबाई, आबा आणि ताई तिघंही आपापल्या परीनं बरोबर होती. अर्धी बरोबर.

मग एक दिवस नवल झालं. चिंगीनं आपण होऊन तोंड फिरवलं. प्यायला यायची, थोडं ओढायची, सोडून द्यायची, कुरकुरायची, आणि उठून भाकरीच्या टोपलीकडे जायची. आईला वाटलं तिचा कडुनिंब अखेर पावला. तिनं झाडाला हळदकुंकू वाहिलं. ताई घाबरली. ती चिंगीला धरून धरून पाजायला बघायची, "पी गं राणी, पी ना," आणि चिंगी पाठ ताठ करून निसटायची. राखणदारच नोकरी सोडून चालला होता. ताईला तेव्हा जेवणही जाईना. कडब्याचा वास आला की तोंडाला पदर लावायची. आई म्हणाली, पित्त झालंय. त्याच सुमाराला सगुणाचंही दूध निम्म्यावर आलं आणि पारडीही पहिल्यासारखी लुचेना. आबा म्हणाले, मुसक्याचा गुण. घरात दोन विजय एकाच वेळी साजरे होत होते आणि आतली गोष्ट कुणालाच दिसत नव्हती. मी हे आज एका वाक्यात लिहिते आहे, पण तेव्हा मी रोज तिथेच बसून त्यांच्याबरोबर जेवत होते.

आता पारडी तुटली, तरी सगुणा माजावर येईना, म्हणून आबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. हे सरकारी डॉक्टर पेठेतले, स्कूटरवर यायचे, बुटक्या देहयष्टीचे आणि फार कमी बोलणारे. आल्याआल्या गरम पाणी आणि साबण मागायचे. त्या दिवशी ते आले तेव्हा आबा कोपऱ्यावर कडबा उतरवून घेत होते. ओसरीवर आई तांदूळ निवडत होती. डॉक्टरांनी स्कूटर लावली आणि विचारलं, "काय, तोडलं का दूध?"

त्या महिन्यात अख्खी गल्ली आईला हेच विचारत होती. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "कुठलं हो डॉक्टर. आत्ताशी कुठं सोडायला लागलीय."

"वय काय आता?"

"दीड वरीस होत आलं की."

"दीड वर्षं!" डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "मग आई खंगली असेल."

"खंगली तर! खाल्लेलं अंगालाच लागत न्हाई तिच्या."

"घालता काय खायला?"

"सगळं घालते. डिंकाचे लाडू हायत, अळिवाची खीर हाय. बाजरीची भाकरी, वर लोणी."

डॉक्टरांनी गोठ्याच्या दिशेनं पाहिलं. मग फार सावकाश म्हणाले, "डिंकाचे लाडू."

"साजूक तुपातले."

"आणि पेंड?"

आता आईनं मान वर केली. "पेंड? पेंड कशाला? माझी लेक काय म्हैस हाय?"

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "मग मला नक्की कुणाला बघायला बोलावलंय?"

मी दाराआड उभी राहून हसून हसून खाली बसले. आत ताईही हसली. कित्येक दिवसांनी हसली. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्यानंतर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आबा धावत आले. सगुणाला भिंतीशी बांधलं. डॉक्टरांनी सदरा काढला, खांद्यापर्यंत हाताला साबण लावला, सगुणाची शेपूट आबांच्या हातात दिली आणि हात आत घातला. मी तो प्रकार पहिल्यांदाच बघत होते. कोपर गेलं, मग दंड गेला, आणि डॉक्टरांचा गाल सगुणाच्या पाठीला टेकला. ते डोळे मिटून उभे राहिले, गाणं ऐकतात तसे. सगुणानं मागे वळून पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. ताई चिंगीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आबा," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "ही माजावर कशी येणार? ही गाभण आहे."

आबांच्या हातातून शेपूट सुटली. "छ्या! डॉक्टर, काहीतरीच काय बोलता? ती माजावर आलीच न्हाई. मी रोज बघतोय की."

"तुम्ही बघत होतात. तिनं तुम्हाला सांगायचं ठरवलं नव्हतं."

"पण रेडा कुठं आणलाय मी?"

"नदीवर धुवायला नेता ना? तिथं काय सगळ्या म्हशीच असतात?" डॉक्टरांनी सावकाश हात बाहेर काढला. "मुका माज म्हणतात याला."

"मुका माज मला ठाऊक हाय," आबा चिडून म्हणाले. "पण तो दुसऱ्यांच्या म्हशींत. माझी सगुणा बोलकी हाय. आणि पारडी पीत होती हो तिला! पिती तोवर फळत न्हाई, हे तर कुणीबी सांगंल."

डॉक्टर कमी बोलायचे, पण त्या दिवशी बोलले. कदाचित डिंकाच्या लाडवांमुळे त्यांना आमचा लळा लागला असेल. "सुरुवातीला नाही फळत. बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पारडी चारा खायला लागली, पिणं कमी झालं की आतलं चक्र आपलं आपण चालू होतं. ते कधी चालू झालं ते कुणाला कळत नाही, तिला स्वतःलाही नाही. पहिल्या खेपेला बाहेर खूणच दिसत नाही. आपण आपले समजतो, अजून काही नाही, अजून काही नाही. आणि त्या पहिल्याच खेपेला काम होऊन जातं. मग दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, पिल्लू स्वतःच तोंड फिरवतं. तुम्ही म्हणता आम्ही तोडलं. तुम्ही कशाला तोडताय? ते आतल्यानं तोडलं."

आबांना आनंद व्हायला हवा होता. म्हैस वाचली होती, बाजार टळला होता. थोड्या वेळानं त्यांना तो आनंद झालाही असता. पण मी ताईकडे बघत होते. ताई सगुणाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटतं ती रविवार आठवत होती. तिच्या कडेवर चिंगीनं भाकरीचा तुकडा चघळत तिच्या छातीवर डोकं टेकलं, तोंड लावलं नाही, नुसतंच टेकलं. ताईनं तिचं तोंड हातानं वळवून स्वतःकडे लावायचा प्रयत्न केला. चिंगीनं मान हलवली आणि भाकरी पुढे केली, तू खा म्हणून.

मी आज वर्गात सांगते की पाळीच्या आधी अंडं सुटतं, म्हणून पाळी आली नाही याचा अर्थ काहीच घडलं नाही असा होत नाही; पहिले सहा महिने, पाळी परत आलेली नसेल आणि बाळ फक्त अंगावर असेल तेव्हा हा आडोसा बराचसा पक्का, नंतर त्याचा भरवसा धरू नये. मुलं हे लिहून घेतात. त्या वॉर्डातलं वाक्य मी असं दरवर्षी पूर्ण करते, आणि दरवर्षी ते त्या गोठ्यात वेळेवर पोचत नाही. हे लिहिल्याबद्दल ताई चिडेल. पण तिनं फक्त शेवट मागितला आहे, आणि तो मी तिला देते आहे.

आईनं गरम पाण्याची बादली आणून डॉक्टरांसमोर ठेवली. आबा सगुणाच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटत होते. डॉक्टर खांद्यापर्यंत माखलेला हात पुढे धरून पाण्याशी वाकले. तेवढ्यात ताईनं चिंगीला माझ्या अंगावर जवळजवळ टाकलं, उंबरा ओलांडून शेणात अनवाणी उतरली, आणि माझ्या आबांसमोर, आईसमोर, त्या परक्या माणसासमोर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली :

"डॉक्टर, हात धुऊ नका अजून! मला पण बघा!"